वाहतंय का, नेबाहत?

ओलुकबाशी
३ नोव्हेंबर १९९६

देर्या पोरी,

तुझ्या डोळ्यांचे पापे. पत्र पोचलं. आमचा पोस्टमन हालित खालच्या वळणापासूनच ओरडत आला, नेबाहतबाई, इंग्लंडचं पत्र, आणि माझ्या हाती पडेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं. मी चुलीवरचं सूप उतरवलं, चष्मा शोधला आणि दाराला कडी लावून वाचायला बसले.

अक्षर तुझं नाही हे पहिल्याच ओळीत सांगितलंस ते बरं केलंस. ग्युल्सेरेनबाई, अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं. माझा भाऊ रेमझी ज्यांच्या दुकानात ऑलिव्ह घ्यायला यायचा त्या तुम्हीच ना? पोरीला तुर्की येत नाही, म्हणून ती सांगते आणि तुम्ही लिहिता. म्हणजे माझं पत्रही तुम्हीच वाचून दाखवणार, आणि रेमझीच्या खाटेशी बसूनच दाखवणार. तेव्हा आधीच सांगून ठेवते. जिथे मी 'हे फक्त पोरीला' असं लिहीन तिथे उठायचं, तिला घेऊन बाहेर जायचं, आणि तिथे वाचायचं.

तर तुझ्या बापाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि इंग्रजीही गेलं. सत्तावीस वर्षं बोललेली भाषा एका सकाळीत पुसली गेली आणि उरले ते आमचे चार-पाच शब्द. आणि त्यानं तुला त्यातला एकही शिकवला नव्हता. भाकरीला काय म्हणतात तेही नाही? धन्य आहे. त्याची आई चूल, गाय आणि शेजारीण या तिघींशी एकाच वेळी बोलायची, आणि हा पोरीशी आपल्या भाषेत एक शब्द बोलला नाही. तुझी आई गेल्यापासून घरात तुम्ही दोघंच, असं लिहितेस. मग जेवताना काय एकमेकांची तोंडं बघत होतात?

असो. तू शब्द विचारलेस, शब्द सांगते. माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक जुनी तुर्की-इंग्रजी डिक्शनरी आहे. तिच्या भरवशावर लिहिते, चुकलं तर हसू नकोस.

'दाम्लियोर' म्हणजे थेंब थेंब गळतंय. तुमच्यात 'ड्रिप'. आमचं छप्पर लाकडी फळ्यांचं होतं, त्यामुळे पावसाळी दिवसांत घरभर भांडी मांडलेली असायची. तुझ्या बापानं प्रत्येक भांड्याला नाव ठेवलं होतं. पितळी पातेलं म्हणजे इमामसाहेब, कारण त्याचा आवाज घुमायचा. चहाची किटली म्हणजे फातमा मावशी, कारण ती थांबायचीच नाही. ऐन जेवणाच्या वेळी कुणी न बोलावता टपकलं, तरी आम्ही हाच शब्द वापरतो. तुझं पत्र तसं आलं, सूप उकळत असताना.

'सिझियोर' म्हणजे झिरपतंय. डिक्शनरीत दोन शब्द दिलेत, 'सीप' आणि 'ऊझ'. तुला जो बरा वाटेल तो घे. हाडांत ठणका लागतो त्यालाही आम्ही याच घराण्यातला शब्द वापरतो. माझ्या गुडघ्यांना विचार.

'ताशियोर' म्हणजे उतू जातंय, 'ओव्हरफ्लो'. दूध जातं, नदी जाते, माणसाचा धीरही जातो. 'फिश्किरियोर' म्हणजे उसळून बाहेर पडतंय. डिक्शनरी 'गश' म्हणते, पण या शब्दात मला काही जोर वाटत नाही.

पाचवा शब्द तू प्रश्न म्हणून लिहिलायस, 'आकियोर मू?' तो पुढच्या पत्रात बघू. दिवा लावायची वेळ झाली.

बापाला माझा निरोप काही सांगू नकोस. सलामही नको. विचारलंच तर सांग, आत्या भिंतीच्या कामात आहे.

तुझी आत्या,
नेबाहत

ओलुकबाशी
१ डिसेंबर १९९६

देर्या पोरी,

तुझ्या डोळ्यांचे पापे. तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची वेस्फिये काय झालं म्हणून बघायला आली. अगं, त्यानं 'आकियोर मू?' म्हटलं की नर्स त्याचं नाक पुसते? आणि हॉस्पिटलनं खरंच नळवाल्याला बोलावलं? आणि घरी आणल्यावर तू सगळे नळ तपासलेस, छताला हात लावून बघितलंस, बाहेरची गटारंसुद्धा बघून आलीस? बिचारी पोर. पण तुझी चूक नाही. आमच्याकडे नाक वाहतं, छप्परही वाहतं, नदी वाहते, दिवस वाहतात. सगळ्याला एकच शब्द. तुमच्याकडे नाक पळतं आणि छप्पर 'लीक' होतं. जिथे तिथे वेगळा शब्द ठेवायचा म्हणजे श्रीमंतांची चैन आहे.

'आकियोर मू?' म्हणजे 'वाहतंय का?' मागच्या पत्रात मी हा शब्द चुकवला. दिवा लावायची वेळ वगैरे काही झाली नव्हती. तो हा प्रश्न दिवसातून कितीदा विचारतो हे वाचलं आणि माझा हात पुढे चालेना.

तो काय विचारतोय ते मला पक्कं माहीत आहे. ऐक.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, एक पाणपोई आहे. माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्यांच्या आईच्या नावानं बांधलेली. दगडी भिंत, भिंतीतून आलेली दगडी पन्हळ आणि खाली गुरांसाठी डोणी. आमच्यात अशी पाणपोई बांधायची म्हणजे पुण्य. जो पितो तो मेलेल्यासाठी दोन शब्द दुवा मागतो, आणि जोवर पाणी वाहतं तोवर ते पुण्य त्या जिवाच्या खाती जमा होत राहतं. पाणी आणलं होतं टेकडीवरच्या झऱ्यातून, मातीच्या नळ्या एकीत एक बसवून. सांधे बुजवायला चुना, कापूस आणि तेल कुटून लगदा करायचा, तो आईनं कुटला. तिचे हात महिनाभर सोललेले होते.

ज्या दिवशी पाणी सोडायचं त्या दिवशी बाबा वर झऱ्यापाशी होते. तुझा बाप खाली पन्हळीपाशी. तो बारा वर्षांचा, मी नऊची. मध्ये टेकडीचं पोट आडवं येतं, वरची हाक खाली पोचत नाही. म्हणून मला मधल्या वळणावर उभं केलं होतं. बाबा वरून ओरडायचे, "वाहतंय का?" मी खाली वळून ओरडायची, "दादा, वाहतंय का?" तो जे म्हणेल ते मी वर पोचवायचं.

आधी बराच वेळ तो नाहीच म्हणत राहिला. मग म्हणाला, झिरपतंय. मी वर ओरडले, झिरपतंय. मग थेंब थेंब येतंय. बाबांनी वर एक दगड सरकवला असावा, कारण दादा एकदम किंचाळला, उसळतंय, आणि मला वळणावरून दिसलं, तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखून नाचत होता. मग वाहतंय. मग डोणी भरली आणि उतू जातंय. मी सगळं वर पोचवलं. बाबा वरून धावत आले, मला खांद्यावर घेतलं आणि तसेच खाली गेले. आईनं त्या पाण्यात सगळ्यात आधी चहाची किटली भरली.

तुझ्या यादीतले शब्द एवढेच आहेत, पोरी. त्याची सगळी भाषा गेली आणि ती एक सकाळ राहिली.

ग्युल्सेरेनबाई, इथून पुढचं हे फक्त पोरीला. उठा.

पाणी वाहत नाही. गेली दहा वर्षं वाहत नाही. आणि ते तुझ्या बापामुळे.

त्र्याऐंशी साली त्यानं एका ओळखीच्या माणसाबरोबर इंग्लंडहून एक पितळी तोटी पाठवली. चकचकीत, वजनदार. चिठ्ठीत लिहिलं होतं, बाबांचं पाणी रात्रंदिवस वाया जातं, इथे असं कुणी करत नाही, ही बसवा, बाबांच्या नावानं माझी ही भेट. आई जिवंत होती. लेकानं पाठवलं म्हणून तिला कोण आनंद. इमामसाहेबांनी दुवा वाचली, हलवा वाटला आणि तोटी बसली. पण वाहत्या झऱ्याचं तोंड बांधून कसं चालेल? पाणी मागे तुंबलं, नळ्यांचे सांधे फुटले आणि ते टेकडीच्या पोटातून दुसरीकडे निघालं. आई गेली त्या वर्षापर्यंत तोटीतून करंगळीएवढी धार यायची. आता उघडली तर फक्त सुस्कारा येतो. आणि पाणी कुठे गेलं, माहीत आहे? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत. दहा वर्षं ती भिंत झिरपते आहे. मी पत्रात लिहिलं ना, भिंतीचं काम? ते हेच.

मग तोटी का काढली नाही, असं विचारशील. कुणी काढायला तयार नाही. दुवा वाचून मेलेल्याच्या नावानं दिलेली भेट आहे ती. देणाऱ्याच्या तोंडून 'काढा' आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं सगळं गाव म्हणतं. मुख्तार बेकिर, म्हणजे आमचा गावचा कारभारी, मला प्रत्येक उन्हाळ्यात सांगतो, नेबाहतबाई, भावाला एक ओळ लिहा, लगेच काढतो. मी लिहिली नाही. मी त्याच्याकडे काही मागणार नव्हते.

त्याला हे सांगू नकोस. वाहतंय का म्हणाला तर काहीतरी बोल, उशी सारखी कर.

नेबाहत

ओलुकबाशी
२९ डिसेंबर १९९६

देर्या,

तुझ्या डोळ्यांचे पापे. हे सबंध पत्र फक्त पोरीला.

तू लिहितेस, आत्या, एकदा 'हो' म्हण ना, त्याला शांत वाटेल. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, आणि नाहीच आला तर मे महिन्यात प्रवास करता येईल. तो दिवसभर दाराकडे बघतो आणि तेच विचारतो. एका शब्दानं तुझं काय जातंय?

मी खोटं बोलणार नाही. मला त्या वळणावर उभं केलं होतं ते खालचं जसंच्या तसं वर पोचवायला. तिथे झिरपत असताना मी वाहतंय म्हटलं असतं तर काम झालं समजून बाबांनी झऱ्याचं तोंड बुजवून टाकलं असतं आणि सगळी मेहनत वाया गेली असती. तुला हा वेडेपणा वाटेल. वाटू दे.

आणि विचारतेस, एवढा राग कशाचा? तुला सांगायला हवं, तू त्याचं रक्त आहेस.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दोन वर्षांनी कास्तामोनूच्या मुलींच्या शिक्षक शाळेनं मला घेतलं. गावातली पहिली मुलगी. दादा घाटाखाली जाऊन ती लाल डिक्शनरी घेऊन आला. म्हणाला, इंग्रजीही शीक, मोठी मास्तरीण होशील, आईला आणि गुरांना मी बघतो, तू दोन वर्षं मागे वळूनसुद्धा बघू नकोस. आईसमोर म्हणाला. मी ट्रंक भरली. गडद निळा कोट शिवून घेतला होता, त्याला मोठी बटणं होती. अजून आहे.

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात त्याला जहाजावर काम मिळाल्याचा निरोप आला. इनेबोलूहून जहाज, पुढे इंग्लंड. आमच्या घाटातली सगळी पोरं तेव्हा कुठे ना कुठे चालली होती. तो म्हणाला, एवढी एकच संधी आहे, वर्षभरात परत येतो, मग तू जा. वर्षभरात म्हणाला. शाळेनं वर्षभर जागा ठेवली नाही, आणि तो आला नाही. आधी कागदपत्रं नव्हती म्हणून आणि नंतर लाज वाटली म्हणून. आईला दफन करायलाही आला नाही. आईची पत्रं मीच लिहायची, ती सांगायची तसंच. माझ्याकडून एक ओळ कधी जोडली नाही.

निघाला त्या दिवशी आई तांब्याची घागर घेऊन उंबऱ्यात उभी होती. आमच्याकडे लांब जाणाऱ्याच्या मागे रस्त्यावर पाणी ओततात. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये, असं म्हणतात. पाणी पाणपोईचंच होतं. पण त्याआधी आणखी एक रीत आहे. जाणारा प्रत्येकाला म्हणतो, माझ्यावर तुझा जो काही हक्क असेल तो हलाल कर. म्हणजे माझ्याकडून काही राहिलं असेल, काही दुखावलं असेल, ते सोडून दे. समोरचा म्हणतो, हलाल असो. तेवढं म्हटलं की जाणारा मोकळा. मरणाच्या दारातल्या माणसालाही हेच म्हणावं लागतं, नाहीतर ते ओझं घेऊन त्याला पलीकडे जावं लागतं.

तो माझ्यासमोर आला. म्हणाला, "नेबाहत, हक्क हलाल कर."

मी भांडी घासायला निघून गेले. बस निघाली तसा आईनं ओतलेल्या पाण्याचा आवाज मला आत ऐकू आला.

आता तूच सांग, माझा हक्क होता की नव्हता? मी मास्तरीण झाले नाही. गावातल्या पोरांना रिकाम्या वेळी स्वयंपाकघरात बसवून अक्षरं शिकवली, त्या ओल्या भिंतीखाली. लग्नाच्या मागण्या आल्या तेव्हा आई अंथरुणावर होती. मी रडत बसले असं समजू नकोस, मी मजेत राहिले, गावात माझ्याशी भांडायची कुणाची छाती नाही. पण कपाट उघडलं की तो कोट दिसतो.

म्हणून मी 'हो, वाहतंय' असं म्हणणार नाही. आणि तो दुसरा शब्द तर त्याहून म्हणणार नाही.

नेबाहत

ओलुकबाशी
२६ जानेवारी १९९७

देर्या पोरी, आणि ग्युल्सेरेनबाई तुम्हीही,

ग्युल्सेरेनबाई, तुमच्यासारखी आगाऊ बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. 'हे फक्त पोरीला' असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आणि तुम्ही तिन्ही पत्रं पहिल्यापासून त्याच्या खाटेशी बसून, डाव्या कानाला लागून, वाचून दाखवलीत. वर मलाच लिहिता, "नेबाहतबाई, तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच दगडातून काढलेले आहात, मी दुकान सोडून तुमचे हट्ट किती दिवस वाहू?" वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र टेबलावर आपटलं आणि वेस्फियेकडे जाऊन बसले.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर पुन्हा वाचलं. तो रडला, असं लिहिलंय तुम्ही. कोटाचं वाचलंत तेव्हा रडला. आणि मग शब्द शोधत, धापा टाकत, पाचच्या बाहेरचा शब्द बोलला. काढा. तोटी काढा. तुम्ही ते लिहून घेतलं आणि खाली त्याच्या डाव्या हाताची वाकडीतिकडी रेघ आहे. ती सही त्याचीच आहे. 'र'चा शेपटा तो लहानपणीही असाच उलटा काढायचा.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र घेऊन मुख्तार बेकिरकडे गेले. त्यानं इमामसाहेबांना बोलावलं, इमामसाहेबांनी चष्मा लावून ती रेघ न्याहाळली आणि म्हणाले, देणाऱ्यानं परत घेतली, काढा. शुक्रवारच्या नमाजानंतर सगळा गाव जमला. तोटी गंजून घट्ट बसली होती. चौघांनी ताकद लावली तेव्हा सुटली. आणि आतून काहीच आलं नाही. नुसता थंड वास आला.

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघता काय, फुटका सांधा शोधायला हवा. कुठे शोधायचा म्हणून ते एकमेकांत बोलू लागले. मला माहीत होतं. मधलं वळण. तिथे उताराला बाक आहे, तुंबलेलं पाणी तिथेच जोर करणार, आणि माझी भिंत त्याच्या बरोबर खाली आहे. मी पुढे गेले आणि लहानपणी उभी राहायची तिथे उभी राहिले. तिथे खणलं. नळी फुटलेली होती, आणि भोवतालच्या मातीत बाबांनी भरलेला लगदा अजून पांढरा होता. मी हातात घेतला. आईनं कुटलेला.

नवा लगदा मी कुटला. चुना, कापूस, तेल. रोज्याचे दिवस, तोंडाला पाणी नाही, पण हात थांबले नाहीत. काल सांधा बुजवला. आज सकाळी बेकिर वर गेला, बाकीचे पन्हळीपाशी, आणि मधल्या वळणावर मी. एकोणपन्नास वर्षांची बाई. वेस्फिये म्हणाली, अगं तू कशाला, वायरलेस आहे बेकिरकडे. मी म्हटलं, गप बस.

बेकिर वरून ओरडला. मी खाली ओरडले. खालून नाही आलं. पुन्हा नाही. किती वेळ गेला कोण जाणे, गुडघे आखडले. मग खालून कुणीतरी म्हणालं, झिरपतंय. पन्हळीचा दगड ओला झाला होता, एवढंच.

तेवढ्यात बेकिरची बायको धावत आली. इंग्लंडचा फोन. देर्या, तो तू लावला होतास ना, मागून तुझा आवाज येत होता. मी चिखलाच्या पायांनी त्यांच्या गालिच्यावरून गेले. फोन कानाला लावला. श्वास ऐकू आला. म्हातारा श्वास. खोलीत सहा-सात बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मग तो म्हणाला, "नेबाहत, वाहतंय का?"

एवढे सगळे शब्द त्याला जोडून बोलता आले. मी खिडकीतून बाहेर बघितलं. पन्हळीपाशी पोरांनी हात वर करून बोटानं खूण केली, एक, मग थोडं थांबून आणखी एक. मी म्हटलं, "थेंब थेंब येतंय, दादा."

तो हसला. तू ऐकलंस ना? अगदी पूर्वीसारखा, नाकातून. आणि मी त्याला सत्तावीस वर्षांनी दादा म्हटलं हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही, वेस्फियेनं सांगितलं. पुढचं बोलायचं होतं. मला माहीत होतं काय बोलायचं. पण त्या सगळ्या बायकांसमोर माझ्या तोंडून निघेना, आणि लाइन कटली. मी फोन धरून तशीच बसले. बेकिरची बायको म्हणाली, पुन्हा लावूया का? मी नको म्हटलं. आता तेच मनाला खातंय.

रोजा असल्यानं त्या थेंबांची चव अजून कुणी घेतली नाही. संध्याकाळपर्यंत पेलाभर जमेल असं दिसतंय. तो कसा आहे ते लगेच कळव.

नेबाहत

ओलुकबाशी
९ फेब्रुवारी १९९७, बायरामचा दिवस

दादा,

तुझे हात चुंबते आणि कपाळाला लावते. रोजे संपले, आज बायराम आहे, रुसलेल्यांनी आज रुसून राहायचं नसतं.

ग्युल्सेरेनबाई, हे फक्त त्याला. पण सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचा, डाव्या कानाशी. पोरीलाही ऐकू दे.

दादा, वाहतंय.

आधी थेंब आले, मग दोन दिवस लालसर चिखल आला, मला वाटलं संपलं सगळं. मग परवा पहाटे वेस्फिये दार बडवत आली. मी शाल न घेताच बाहेर पडले. पन्हळीतून मनगटाएवढी धार पडत होती आणि तिच्यातून वाफ येत होती, कारण हवा इतकी गार होती. आता डोणी भरली आहे आणि उतू जातंय, रस्त्यापर्यंत. मी खालचं जसंच्या तसं वर पोचवते आहे, एक शब्दही वाढवून सांगत नाही. तुझी तोटी मी घासून शेल्फवर ठेवली आहे. इतकी वाईट नाही दिसत. दाराला कडी म्हणून लावावी की काय, असा विचार आहे. भिंत अजून ओली आहे, पण डाग कडांकडून आत आकसू लागलाय. उन्हाळ्यापर्यंत सुकेल.

आज सकाळी नमाजाहून येणारे सगळे तिथे थांबले, प्याले आणि आजीसाठी, बाबांसाठी, आईसाठी दुवा मागितली. इमामसाहेबांनी तुझंही नाव घेतलं.

आता ते राहिलेलं. सत्तावीस वर्षं मी भांडी घासत उभी आहे, आता हात पुसले. माझा तुझ्यावर जो काही हक्क होता, शाळेचा, कोटाचा, आईच्या अंथरुणाचा, भिंतीचा, सगळा हलाल असो. हलाल असो. हलाल असो. आणि मी तुला एक ओळ कधी लिहिली नाही, त्या सगळ्या बायरामना, तो तुझा माझ्यावरचा हक्क. तोही तू हलाल कर. बोलता आलं नाही तर डावा हात उचल, ग्युल्सेरेनबाई मला कळवतील. पोरी, तू मधल्या वळणावर आहेस. त्याचं माझ्यापर्यंत पोचव आणि माझं त्याच्यापर्यंत.

दुपारी मी आईची तांब्याची घागर काढली. धारेखाली धरली तर क्षणात भरली. रस्त्यावर गेले, जिथून बस वळली होती तिथे. पण ओतायचं कुठल्या दिशेला ते कळेना. तू मे महिन्यात इकडे येणार आहेस की त्याआधी दुसरीकडे निघणार आहेस, हे डॉक्टरांना सांगता येत नाही, मला कुठून यावं? म्हणून मी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओतलं. पाण्यासारखा जा, दादा. पाण्यासारखा ये.

बेकिर ओरडला, नेबाहतबाई, बर्फ होईल त्याचा, कुणीतरी घसरून पडेल. मी म्हटलं, गोठलं तर गोठू दे, मे महिन्यात वितळेल.

तुझी,
नेबाहत